डोळ्यांनी दिलेला होकार

अथेन्स, २१ सप्टेंबर

अर्गिरिस,

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. बराकीत पत्रं नाव पुकारून देतात असं ऐकलंय. म्हणजे चारचौघांत हातात घ्यावंच लागेल. नंतर फाडलंस तरी चालेल.

इकडे सगळं ठीक. बाबा ठीक आहेत.

उन्हाळा संपला तरी टुरिस्ट संपत नाहीत. काल माझ्याकडे बेल्जियमची म्हातारी मंडळी होती. अक्रोपोलिसवर एका बाईंनी खांबाला हात लावला आणि रखवालदाराने अशी शिट्टी मारली की त्या खालीच बसल्या. म्हणाल्या, "दगडच तर आहे!" बाबा तिथे असते तर त्यांनी बाईंना संगमरवर म्हणजे काय ते दुपारपर्यंत ऐकवलं असतं.

तिथून सिंटाग्मा चौक, पहारा बदलतानाचा कार्यक्रम बघायला. मी नेहमीचं बोलले. हे शिपाई अज्ञात सैनिकाच्या स्मारकापाशी पुतळ्यासारखे उभे राहतात. हलायचं नाही, बोलायचं नाही, समोर कोणी नाचलं तरी नजर वळवायची नाही. उंची जुळवून त्यांच्या जोड्या लावतात. दोघांचा घेरदार पांढरा झगा सारखा, बुटांवरचे गोंडे सारखे, टोपीचा लांब झुपका सारखा. घाम आला तर देखरेखीला असलेला साध्या गणवेशातला शिपाई पुसतो. काही विचारायचं असेल तर तोच विचारतो आणि हे डोळ्यांनी उत्तर देतात. पापणी एकदा मिटली तर हो, दोनदा मिटली तर नाही.

इतकी वर्षं हे तोंडपाठ बोलत आले. तू तिथे भरती झाल्यापासून बोलताना आधी दोघांचे चेहरे बघते. काल पहाऱ्यावर तू नव्हतास. तुमच्या पाळ्या बदलत असतात, मला माहीत आहे.

एक विचारायचं होतं. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात तुला सुट्टी मिळू शकेल का? विशेष काही नाही. सहज विचारते.

मिर्सिनी


अथेन्स, २९ सप्टेंबर

अर्गिरिस,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं.

खालच्या फ्रोसो मावशींनी मला परवा जिन्यात अडवलं. "काय गं, तुझा बाप रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून कुठे जातो? बाई तर नाही ना धरली या वयात?"

मी म्हटलं, "धरली असती तर बरं झालं असतं. इस्त्री तिने केली असती."

मावशी हसल्या. मला हसू टिकवता आलं नाही. कारण बाबांनी जिना एकट्याने उतरायचा नाही असं ठरलं होतं. का ठरलं होतं ते विचारू नकोस. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहेत, एवढं तुला ठाऊकच आहे.

संध्याकाळी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "पोराला भेटायला जातो."

"तो बोलतो तुमच्याशी?"

"तो ड्युटीवर असतो. मी बोलतो."

म्हणजे तुला हे सगळं माहीत आहे. मला मात्र शेजारणीकडून कळावं लागलं. मी विचारलं, त्याला राग येत नाही का? बाबांनी कॉफीचा कप हातातच फिरवला. म्हणाले, "पहिल्या दिवशी नजर नुसती दगड होती. माझ्या आरपार बघत होता. दुसऱ्या दिवसापासून जरा निवळला. आता ऐकतो. ऐकणारा माणूस कळतो, मिर्सिनी."

"दिसतो का नीट तुम्हाला?"

"आपलं पोरगं ओळखायला डोळे कशाला लागतात?"

तू ऐकतोस, हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही, रात्रीपर्यंत. मग मनात आलं की तू ऐकत असशील तर बाबांनी तुला एक गोष्ट सांगितलीच असेल, आणि ती ऐकूनही तू मला फोन केला नाहीस. हे तुझ्यासारखं नाही.

मिर्सिनी


अथेन्स, ४ ऑक्टोबर

अर्गिरिस,

आज खरं लिहिते.

बाबांच्या हृदयाची झडप गेली आहे. बारा तारखेला, गुरुवारी, ऑपरेशन ठरलंय. डॉक्टर म्हणाले, केलं तर धोका आहे आणि नाही केलं तर ईस्टर दिसणार नाही. बाबा म्हणाले, विचार करून सांगतो. डॉक्टर म्हणाले, विचार करण्यासारखं यात काय आहे?

घरी आल्यावर मला म्हणाले, "मागच्या वेळी मी एकट्याने ठरवलं. तुझी आई म्हणाली, पोराचा सीझन मोडू नका, आणि मी तिचं ऐकलं. या वेळी अर्गिरिस ठरवेल. तू त्याला काही लिहायचं नाहीस. मी स्वतः सांगणार."

आईचा आजार आम्ही तुला कळवला नाही. तू सांतोरिनीच्या त्या हॉटेलात बशा उचलत होतास आणि परत आलास तेव्हा दफन होऊन गेलं होतं. "तुम्ही दोघांनी माझी आई चोरलीत," असं उंबऱ्यावरूनच म्हणालास आणि गेलास. त्यानंतर घरात आला नाहीस. ते उकरत नाही. बाबा तुझ्यासमोर का उभे राहतात ते तुला कळावं, एवढ्यासाठी लिहिलं.

पण ते तुझ्यासमोर उभे राहत नाहीत.

आज सकाळी माझा गट चौकात होता. बाबा दोरीच्या अलीकडे काठीवर रेलून उभे होते आणि उजवीकडच्या शिपायाशी हळू आवाजात बोलत होते. मधेच त्यांनी देखरेखीच्या शिपायाला खूण केली, टोपीचा झुपका सरळ कर म्हणून. त्याने तो केला. तोही ओळखीचाच झालाय त्यांच्या.

मी जवळ गेले. उंची तुझी. खांदे तुझे. हनुवटी दुसऱ्याचीच. कानही दुसऱ्याचे, बाहेर आलेले.

मी बाबांच्या मागे हाताच्या अंतरावर होते. "बाबा, हा आपला अर्गिरिस नाही" एवढंच म्हणायचं होतं. त्यांच्या मानेवर इस्त्री केलेली कॉलर होती. दाढी करताना एक जागा राहून गेली होती. मी छत्री वर धरली आणि गटाला घेऊन प्लाकाच्या गल्ल्यांकडे वळले. एका बाईंनी विचारलं, ते आजोबा त्या शिपायाला काय सांगत होते? मी म्हटलं, देवाचं काहीतरी असेल.

तू कुठे आहेस?

मिर्सिनी


अथेन्स, ८ ऑक्टोबर

अर्गिरिस,

शुक्रवारी मी घरी आले तर पलंगावर बॅग उघडी होती. पायजमे, चपला, आईचा फोटो. बाबा घड्या घालत होते.

"गुरुवारी जाऊ," म्हणाले. "अर्गिरिस हो म्हणाला."

"बोलला?"

"डोळ्यांनी म्हणाला. मी विचारलं, जाऊ का? पापणी मिटली, उघडली. एकदाच. मी थांबून पाहिलं, दुसऱ्यांदा मिटते का. नाही मिटली." त्यांनी पायजम्याची घडी मोडून परत घातली. "मिर्सिनी, त्याने उत्तर दिलं मला."

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला.

काल कामाशिवाय चौकात गेले. नशिबाने तो मोठ्या कानांचा मुलगा साध्या गणवेशात होता, देखरेखीला. मी नाव सांगितलं तसा त्याचा चेहराच उतरला. पांतेलिस त्याचं नाव, क्रीटचा. तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, तुम्ही एका खोलीत झोपता.

"ताई, मी काय करायला हवं होतं?" तो म्हणाला. "मी पहाऱ्यावर. तोंड उघडलं तर आत टाकतील. ते रोज येऊन म्हणायचे, अर्गिरिस बाळा. मी बाळ नाही असं डोळ्यांनी कसं सांगू?"

"आणि साध्या कपड्यात असशील तेव्हा?"

"तेव्हा माझी हिंमत झाली नाही." मग म्हणाला, "खरं सांगू? तुमच्या बाबांना मी आता माझ्या बाबांपेक्षा जास्त ओळखतो. तुमची आई भेंडीची तार जावी म्हणून आधी व्हिनेगर लावून उन्हात ठेवायची. तुमची मांजर पळून गेली तेव्हा अर्गिरिस छपरावर झोपला होता. माझ्या घरी एवढं कोणी बोलत नाही. आमच्याकडे मेंढ्यांविषयी बोलतात."

"अर्गिरिस कुठे आहे?"

"त्याने जागा बदलून घेतली. तुमचे बाबा पहिल्यांदा आले त्याच संध्याकाळी. आता तिकडे राष्ट्राध्यक्षांच्या दारावर उभा असतो. म्हणाला, इथे उभा राहिलो तर एक दिवस हलेन."

हे मला तुझ्याकडून ऐकायला आवडलं असतं.

मी विचारलं, "पापणी का मिटलीस?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं. "म्हातारा माणूस विचारतोय, ऑपरेशनला जाऊ का. नाही कसं म्हणणार? आणि काहीच म्हटलं नाही तर तेही नाहीच झालं ना?"

मला त्याला थोबाडीत मारावीशी वाटली. त्याच्या जागी मी असते तर मीही पापणी मिटली असती.

मी लिहिलेलं तू वाचतोस का, असं त्याला विचारलं. म्हणाला, "पाकीट फोडत नाही. पण टाकतही नाही. उशीखाली आहेत." म्हणजे ऑपरेशनचं तुला अजून माहीतच नाही. पांतेलिस म्हणतो, त्याने दोनदा विषय काढला आणि तू खोलीबाहेर गेलास.

हे पत्र पोस्टाने पाठवत नाही. त्याच्या हातात देते. त्याला सांगितलंय, पाकीट तूच फोड आणि मोठ्याने वाच, तो दारात उभा असला तरी वाच.

मिर्सिनी


सुनियो, १० ऑक्टोबर

अर्गिरिस,

बसमध्ये लिहिते आहे, इंजिन चालू आहे म्हणून अक्षर हलतंय. टुरिस्ट वर देवळापाशी सूर्यास्ताचे फोटो काढताहेत.

मी इथे दरवेळी त्या म्हाताऱ्या राजाची गोष्ट सांगते. मुलगा मोहिमेवर गेलेला. जिवंत परतला तर काळं उतरवून पांढरं शीड लावायचं, असं ठरलेलं. मुलगा जिवंत होता पण शीड बदलायला विसरला. राजाने कड्यावरून काळं शीड पाहिलं आणि उडी टाकली. त्याच्या नावावरून या समुद्राचं नाव. इथे सगळे उसासा टाकतात, मग मी त्यांना मोकळं सोडते.

आज एका लहान मुलीने हात वर केला. "आणि उलटं झालं असतं तर? शीड पांढरं, पण मुलगा त्या जहाजावर नाहीच?"

मी म्हटलं, "मग राजा आनंदात राहिला असता."

"किती वेळ?"

तिच्या आईने तिला ओढून नेलं.

बाबांना उद्या दुपारी दाखल करायचं. मी अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते बॅग रिकामी करतील, मला माहीत आहे. पायजमे परत कपाटात ठेवतील आणि कॉफी करतील. नाही सांगितलं तर एका परक्या मुलाच्या पापणीवर विसंबून ते टेबलावर जातील. आणि उठले नाहीत, तर पुढे आयुष्यभर तू मला विचारशील की त्यांना माहीत होतं का. मी काय सांगू? आपल्या घरात सगळे एकमेकांच्या भल्यासाठी गप्प बसतात आणि नंतर दफनाला माणूस कमी पडतो.

तू ये आणि तो होकार खरा कर. नाहीतर नाही म्हण, पण त्यांच्या तोंडावर म्हण. गुरुवारी सकाळी आठच्या आत. तिसरा मजला, हृदयाचा विभाग, जिन्यापासून डावीकडे.

ते सगळे खाली येताहेत. थांबते. हेही आज रात्री पांतेलिसच्या हातात देईन.

मिर्सिनी


अथेन्स, १२ ऑक्टोबर, हॉस्पिटलचा पॅसेज

अर्गिरिस,

त्यांना आत नेलं, पाठोपाठ तू गेलास. तू ड्युटीवर, फोन तुझ्याजवळ नाही. बोलायला दुसरं कोणी नाही, म्हणून लिहिते. हातांना काहीतरी काम हवं.

तू दारात उभा राहिलास तेव्हा पहिल्यांदा मला ओळखूच आला नाहीस, साध्या जॅकेटात. किती वाळलायस. बाबांनी मान वळवली. चष्मा त्यांच्याकडून आधीच काढून घेतला होता.

"कोण?"

"मी."

बाबांनी हात पुढे केला तो पलंगाच्या भलत्याच बाजूला. तू फिरून त्या बाजूला गेलास. ते मी पाहिलं.

"आवाज बसलाय तुझा," बाबा म्हणाले. "बोलायची सवय गेली."

"हो."

"त्या दिवशी मी विचारलं आणि तू हो म्हणालास. मनापासून म्हणालास ना? का मी समोरून हलावं म्हणून?"

तू माझ्याकडे पाहिलंस. मी खिडकीकडे पाहिलं. मला वाटलं, आता तू खरं सांगणार. आम्ही खरं लपवलं, आमच्यावर तुझा राग तेवढ्याचसाठी आहे. नर्स ट्रॉली घेऊन दारात आली होती. मला त्या दोन-तीन श्वासांत आपलं सगळं घर कोसळताना दिसलं.

"मनापासून," तू म्हणालास. "मीच म्हणालो. मनापासून."

बाबांनी तुझ्या हातावर थोपटलं. म्हणाले, "झग्याला नीट इस्त्री करत जा." आणि ट्रॉली निघाली.

जिन्यात तू मला म्हणालास, "एक शब्द बोलू नकोस." मी बोलले नाही. आता लिहिते आहे, ते बोलणं नाही.

आज तू परत स्मारकावर आहेस म्हणालास, दुपारी, पांतेलिसच्या जोडीला. तिथे तुला फोन पोचणार नाही. मी येईन. बातमी कुठलीही असली तरी येईन. पांढरं नाही, काळं नाही, अंगावर हाच तपकिरी स्वेटर असेल. लांबून माझ्या चेहऱ्यावर काही शोधू नकोस. मी जवळ येऊन तोंडाने सांगेन. तुला हलता येणार नाही. ते लक्षात ठेव आणि उभा राहा.

समोरच्या बाकावर एक बाई जपमाळ ओढताहेत. त्यांचं कोण आत आहे विचारायला हवं. विचारवत नाही. ते दार उघडलं की आम्ही दोघी उठतो. आत्ता उघडलं. साफसफाईवाला होता.


अथेन्स, १५ ऑक्टोबर

अर्गिरिस,

त्या दिवशी चौकात मला एवढंच बोलता आलं, "झालं. जिवंत आहेत." अजून पुष्कळ ठरवून आले होते. धावत आल्यामुळे दम लागला होता.

तू हलला नाहीस. नजर समोर, बंदूक सरळ. पापणीसुद्धा मिटली नाही. मला वाटलं ऐकूच गेलं नाही की काय, म्हणून मी परत म्हटलं. मग देखरेखीचा शिपाई आला आणि त्याने तुझा चेहरा पुसला, आधी एक गाल, मग दुसरा. तुझ्या जोडीला उभ्या पांतेलिसचे कान लाल झाले होते.

माझ्या शेजारी एक बाई कॅमेरा घेऊन होत्या. म्हणाल्या, "आज तर ऊन नाही. मग घाम कसा?"

सवयीने उत्तर दिलं मी. म्हटलं, "टोपीचा झुपका डोळ्यात जातो कधीकधी."

आता घरचं. बाबांना काल वॉर्डात आणलं. नळ्या काढल्या आहेत. सूप बेचव आहे अशी तक्रार सुरू झाली, म्हणजे ठीक आहे. फ्रोसो मावशी आल्या होत्या. म्हणाल्या, "मी म्हटलं बाई ठेवलीस, तू तर डॉक्टरीण ठेवलीस." टाके दुखतात म्हणून बाबांना हसता येईना.

मावशी गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं.

"त्या दुसऱ्या पोराला जेवायला बोलव," म्हणाले.

"कुठल्या दुसऱ्या?"

"ज्याने ऐकून घेतलं माझं सगळं. फार ऐकलं बिचाऱ्याने."

माझ्या हातात चमचा होता. तो खाली ठेवायला जागा सापडेना.

"कधी कळलं तुम्हाला?"

"अर्गिरिस म्हणाला ना, मीच म्हणालो, मनापासून. तेव्हा." त्यांनी डोळे मिटले. "तुझी आईसुद्धा असंच पटकन म्हणायची. कसं वाटतंय विचारलं की, छान, अगदी मनापासून छान."

"आणि तरी तुम्ही आत गेलात?"

"तेव्हा तर होकार खराच झाला होता. पोरगं माझ्यासाठी खोटं बोललं. आणखी काय विचारायचं होतं त्याला?"

मग ते झोपले. मी बराच वेळ नळ्यांच्या खुणा बघत बसले. काळजी गेलेली नाही. डॉक्टर म्हणतात, पुढचे दोन आठवडे जपायचे. मी येताजाता त्यांच्या छातीवर कान ठेवते, ते रागावतात.

घरी सोडल्यानंतरच्या रविवारी जेवायला या, तू आणि पांतेलिस. भेंडी करते आहे. व्हिनेगर लावून गच्चीत ठेवीन, ऊन असलं तर. त्याला विचार, भेंडी खातो का. नुसती ऐकलीच आहे त्याने.

येणार की नाही ते कळव. या वेळी तोंडाने.

मिर्सिनी